पायांसाठी पायपीट

अमेरिकेत पायांचा डॉक्टर व्हायचं तर आधी एमकॅट नावाची परीक्षा, मग मुलाखत, मग चार वर्षांचं कॉलेज आणि वर तीन वर्षांची रेसिडेन्सी. एवढ्या वर्षांत आपल्याकडे माणूस अख्खं शरीर शिकून मोकळा होतो, असं माझ्या ताईचं मत. ताई राहते एडिसनला. तिथल्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटणाऱ्या तिच्या मैत्रिणींच्या मुली हृदयाच्या, मेंदूच्या, गेलाबाजार दातांच्या तरी मार्गाला लागल्यात. "आणि आमची बसणार लोकांच्या पायाशी!" असं म्हणत ती सईच्या कोटाला इस्त्री करत होती. मुलाखत फिलाडेल्फियाला, टेंपल विद्यापीठाच्या पोडियाट्री कॉलेजात. सोबत मी. पुण्याहून आलेला रिकामा मामा आणखी कशाला उपयोगी पडणार?

मेट्रोपार्कला गाडी पकडली. ताईने डब्यात धपाटे दिले होते आणि एका बाटलीत दही-साखर, ती 'आत जायच्या अगदी आधी' द्यायची होती. सईने प्रश्नांचा कागद माझ्या हातात ठेवला आणि मला परीक्षक नेमलं. पहिलाच प्रश्न असा, की त्यावर निम्मी मुलाखत उभी असते म्हणे: पोडियाट्रीच का?

"मला लहानपणापासून पायांचं आकर्षण आहे," सई म्हणाली.

"अशा मुलाला डॉक्टरला दाखवतात. पुढचं उत्तर सांग."

न्यू ब्रन्सविक गेलं तरी ती रुसलेलीच. प्रिन्स्टन जंक्शनच्या सुमाराला नवं उत्तर आलं. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे. दोन्ही पावलांची मिळून 52 हाडं, आणि सगळ्या शरीरात 206. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा.

"म्हणजे चौथाई! पेशव्यांनी या उत्तरावर लगेच प्रवेश दिला असता."

"मामा, सीरियसली घे ना."

सीरियसली घ्यायचं म्हणून मी तिला लिंकनच्या पायांकडे नेलं. झकारी नावाचा एक गृहस्थ लिंकनच्या पायांवर उपचार करायचा. कुरपं काढण्यात त्याचा हातखंडा. ऐन यादवी युद्धात, 1862 साली, लिंकनने त्याला स्वतःच्या सहीचं प्रशस्तिपत्र दिलं. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक, पण पुढच्या वर्षी त्याच झकारीला शत्रूच्या राजधानीत, रिचमंडला, तिथल्या मंत्र्याशी बोलायला जाता आलं. हृदयाच्या डॉक्टरला असली कामं कोण सांगतो? सईने हे लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण हे त्यांचं 'का' झालं. माझं नाही."

ट्रेंटनला गाडी बदलली. डेलावेअर नदी ओलांडताना शेजारच्या पुलावर मोठ्ठी अक्षरं दिसतात, ट्रेंटन माल बनवतं आणि जग घेतं, अशा अर्थाची. असा आत्मविश्वास मुलाखतीला हवा, असं मी सांगणार तेवढ्यात सई म्हणाली, "मामा, बूट काढ."

तिने पर्समधून एक दांडी काढली. टोकाला नायलॉनचा बारीक धागा. हा धागा बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तो तळव्याला टेकवायचा, आणि माणसाला कळलं नाही तर त्या जागेची संवेदना गेलेली. मधुमेहाच्या रोग्यांची ही तपासणी. यंत्र नाही, वीज नाही, काही नाही.

"डोळे मीट. लागलं की 'हो' म्हण."

समोरच्या बाईंनी पेपर तोंडापुढे धरला. मी डोळे मिटले.

"हो."

"अरे, मी अजून लावलाच नाही."

थोड्या वेळाने खरंच अंगठ्याखाली काहीतरी मुंगीसारखं हललं, आणि मी एवढ्या मोठ्याने 'हो' म्हणालो की तिकीट तपासनीस आला.

मोजा चढवताना सई गप्प होती. मग म्हणाली, "आजीला हे कुणी केलंच नाही ना?" आमच्या आईची गोष्ट. मे महिन्यात वाईला घाटावर अनवाणी उभी राहिली, फरशी तापलेली, पण हिला पत्ताच नाही. संध्याकाळी कामवाल्या बाईंना फोड दिसला. शेवटी एक बोट गेलं. सई तेव्हा सुट्टीत आलेली होती. पट्टी बदलायचं काम तिनेच केलं, आणि आजी तिला पट्टीपेक्षा जेवणाबद्दलच जास्त विचारत होती.

दुखत नाही हेच दुखणं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करताना पॉल ब्रँड या सर्जनने हेच ओळखलं, आणि 1966 साली ते लुइझियानात कारव्हिलला गेले. बधिर पाय जपण्याची ती विद्या पुढे मधुमेहाच्या पायांनाही लागू पडली. वाईच्या फरशीपासून फिलाडेल्फियापर्यंतचा रस्ता असा आधीच कुणीतरी आखून ठेवलेला.

"हेच सांग," मी म्हटलं.

"आणि रडू आलं तर?"

"मग 33 सांधे सांग."

जेफरसन स्टेशनवर उतरल्यावर सईने चपटे बूट पिशवीत टाकले आणि टोकदार, उंच टाचांचे काळे बूट काढले. नवे कोरे. कॉलेज आठव्या रस्त्यावर, फार लांब नाही. पण आर्च स्ट्रीट येईपर्यंत भावी पाद-वैद्य एका पायावर लंगडत होती. पायांच्या डॉक्टरांसमोर बूट चावलेली उमेदवार! एका दुकानाच्या पायरीवर बसून तिने टाचेला चिकटपट्टी लावली, चपटे बूट पुन्हा चढवले, आणि दही-साखर खाल्ली ती त्याच पायरीवर.

ती आत गेली. या कॉलेजात जोड्यांचं संग्रहालय आहे, त्यात पाय बांधलेल्या चिनी बायकांचे मुठीत मावतील एवढे बूटही आहेत. ते मनात घेऊन मी शेजारच्या चायनाटाउनमध्ये नूडल्स खाल्ल्या; काही केल्या घशाखाली उतरेनात.

सई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तोवर ताईचा फोन. सईने स्पीकरवर टाकला.

"काय विचारलं गं?"

"पायांचंच."

"एवढंच विचारायचं होतं तर फोनवर नसतं का विचारता आलं? बरं, ते जाऊ दे. माझी टाच हल्ली फार ठणकते."

"सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना? मग हळूहळू कमी होतं?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही.

"अगं बाई," ताई म्हणाली, "तुला कसं कळलं?"