भाऊंचा भाव

भिवंडीजवळच्या वळ गावात आळीआळीला एक भाऊ असतोच. त्याची भाताची जमीन कधीच गोदामाखाली गेलेली असते. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं, मुलगा टेम्पो बघतो, सून हिशेब बघते आणि भाऊंना बघायला काही उरत नाही. मग ते जुनी हत्यारं बघतात.

या छंदाला गावही अनुकूल. माल मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर ठेवायचा म्हणून व्यापारी माणकोली, दापोडा, वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात आले. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र हलली नाहीत, वाढलीच. भाडेकरू येतात-जातात. गाशा गुंडाळणारा मागे पॅलेट ट्रॉली, ग्राइंडर, ड्रिल असलं बरंच काही सोडून जातो. तिकडे भिवंडीत यंत्रमाग भंगारात निघाले की जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, पेटीतले पाने किलोवर जातात. या सगळ्याची शेवटची विश्रांती भंगारवाल्याच्या पत्र्याखाली, आणि तिथे भाऊ रोज सकाळी हजर.

भाऊंना व्हाईस हवा असेल, तर ते आधी गंजक्या बादलीची चौकशी करतात. ‘कवऱ्याला?’ बादलीचा भाव ऐकून एवढे हळहळतात, की भंगारवाल्याला बादलीबद्दल अभिमान वाटू लागतो. मग पायानं एखादा पाईप बाजूला सारतात, जांभई देतात, आणि जाता जाता, ‘हा लोखंडाचा ठोकळा कसला रं?’ असं त्या व्हाईसकडे न बघता विचारतात. ठोकळा म्हटल्यामुळे वस्तू हत्यारातून बिडात येते आणि किलोच्या भावानं काट्यावर चढते. अर्धी लढाई इथेच संपते.

बघत नाहीत म्हणावं, तर एवढ्यात सगळं बघून झालेलं असतं. खिशातलं नाणं जबड्यावर टिचकावून आवाज ऐकलेला असतो. बद्द आला तर आत भेग. स्क्रू मागेपुढे फिरवून ढिलाई किती ते जोखलेलं असतं. ताज्या रंगावर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. जुन्या हत्याराला कोणी हौसेनं रंग देत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्राइंडर ते नाकानं तपासतात, जळक्या वाइंडिंगचा वास लपत नाही. मायक्रोमीटर पूर्ण मिटवून शून्य जुळतंय का बघतात. पान्यावर पंचानं ठोकलेली मालकांची अक्षरं चष्मा वर करून वाचतात, कारण त्यांच्या मते तो पान्याचा सातबारा. अक्षरं एकाखाली एक असतील तर मालक रीतसर बदलले. पण जिथे नाव कानशीनं घासून काढलंय, ती वस्तू फुकट दिली तरी ते खाली ठेवतात आणि त्या दिवशी तिथला चहासुद्धा घेत नाहीत.

इथवर भाऊ पक्के बनिये वाटतील. पण त्यांचा एक नियम आहे आणि त्यानं त्यांचं वाटोळं केलंय. तोंडानं कितीही सोंग करावं, जिभेनं खोटं बोलू नये. जांभई चालते, नाक मुरडणं चालतं, अर्ध्या वाटेतून परत फिरणं तर चालतंच. पण समोरच्यानं सरळ विचारलं, ‘भाऊ, वस्तू चांगली हाय का?’ की खेळ खलास. मग भाऊ खाली मान घालून, दात काढताना माणूस बोलतो तसं बोलतात: ‘चांगली हाय. बिडाची नाय, घडीव हाय. किलोवर नको देऊस.’ आणि त्याच वस्तूचे चौपट पैसे मोजून घरी येतात. परवा एक म्हातारा जॉबर पेटी विकायला आला होता. त्यानं ‘तुमीच सांगा’ एवढंच म्हटलं. भाऊंनी आधी त्याची समजूत घातली, मग स्वतःशीच घासाघीस करून भाव वर नेला.

गोदामातल्या लॉटचा लिलाव निघाला, की बंद पाकिटातून बोली लागते. भाऊ कधी गोल आकडा लिहीत नाहीत. दहा हजार लिहिणारे पुष्कळ, म्हणून हे दहा हजार एक्कावन्न लिहायचे. ते कळल्यावर सगळेच एक्कावन्न लिहू लागले, मग भाऊ त्रेपन्नावर गेले. सध्या सत्त्याऐंशीवर आहेत. व्यापारी कधी कधी रिंग करतात: एकानंच बोली लावायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं, मग टपरीवर आपसांत दुसरा लिलाव करून फायदा वाटून घ्यायचा. भाऊंना बोलावणं आलं होतं. ‘लिलाव टपरीवरच करायचा तं इकडं कशाला आलो?’ म्हणून ते उठले. कधी तोंडी लिलाव असला आणि विकणाऱ्यानं गर्दीत आपलाच माणूस घुसवून बोली फुगवली, तर १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ ते मोठ्यानं ऐकवतात. विकणाऱ्याला बोलीचा हक्क राखायचा असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर घेणारा सौदा फसवणुकीचा ठरवू शकतो. त्यांना पाठ असलेलं हे एकमेव कलम.

कॉमर्सच्या भाच्यानं त्यांना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरींची लिलावाची पद्धत समजावली. १९६१ साली मांडलेली, पुढे १९९६ साली विकरींना नोबेल मिळालं. पाकिटातली सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच द्यायचे. त्यामुळे आपल्या मनातला खरा आकडा लिहिण्यातच शहाणपण. भाऊ घाबरून म्हणाले, ‘म्हंजे पाकिटातबी खरंच बोलायचं?’

आता पट्ट्यातले सगळे भंगारवाले शहाणे झालेत. भाऊ दिसले की चहा सांगतात आणि गोड आवाजात विचारतात, ‘सेठ, आप ही बोलो, कितने का है?’ म्हणून भाऊंनी भाच्याला पाठवायला सुरुवात केली. भाच्याला हत्यारातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्याला काहीही विचारलं तरी तो खरंच बोलतो: माहीत नाही.

पहिल्याच फेरीत तो चकचकीत हिरवा रंग दिलेला व्हाईस घेऊन आला. भाऊंनी नाणं टिचकावलं. आवाज बद्द. मामी आतून भंगारवाल्याच्या सात पिढ्या काढू लागल्या. भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं.

‘तू इचारलास का त्याला, बरा हाय का म्हनून?’

‘नाय.’

‘मंग त्याची काय चुकी?’