मोकळ्या श्वासाची चकती

डिझेल फोर-बाय-फोर घेतली की माणसाला आधी निसर्गाची ओढ लागते आणि मग ‘ईजीआर’चा राग येतो. ही झडप सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर वळवून पुन्हा इंजिनात पाठवते. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. बदल्यात इनटेकमध्ये काजळीचे थर बसतात. काजळी बोटाला लागते. नायट्रोजन ऑक्साइड कुणी पाहिलाय?

“गाडीला स्वतःचाच धूर प्यायला लावतात हो!” मेस्त्री कळवळतो आणि पत्र्याची चकती कापून झडपेची वाट बंद करतो. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो विझवायला लॅपटॉपवाला येतो. गाडीची तक्रार नाही, तक्रार करायची सोयच काढून घेतली.

कायदा आहे की! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पीयूसीवाला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतो, नायट्रोजन ऑक्साइड नाही. आणि झडप बंद केली की काळा धूर बहुधा कमीच होतो. म्हणजे गुन्हा करून आलेली गाडी आधीपेक्षा चांगल्या मार्कांनी पास!

झडप काढून साफ करून घेता येते, पण त्यात मर्दुमकी कसली? रविवारी हीच मंडळी सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर चिखल उडवत पोचतात, इंजिन चालूच ठेवून खाली उतरतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, “शहरात कुठली आलीय अशी हवा!”