कमरेला शोभेल असे पिस्तूल: पुणेकरांसाठी प्रवेशिका

अभिनंदन! शर्टाखाली लपेल, हाताला बसेल आणि रात्री उशिरा कात्रजच्या घाटात धीर देईल असे छोटेखानी पिस्तूल घ्यायचे, इथवर तुमचे ठरले आहे. चप्पल घेताना चार दुकाने पालथी घालणारा माणूस पिस्तुलाच्या बाबतीत मात्र एका वेब सीरिजवर भागवतो. ही प्रवेशिका त्याच्यासाठी. पायऱ्या क्रमानेच चढाव्यात.

पायरी पहिली: नायकाचे पिस्तूल विसरा

नायकाच्या हातात असते ते बहुधा 9 मिलिमीटरचे. आपल्याकडे तो 'प्रतिबंधित बोअर'. .38 चेही तेच. सर्वसामान्यांच्या वाट्याला मुख्यतः .32 येते. सरकारी कारखान्याचे 'अशनी' हे पिस्तूल, किंवा महिलांसाठी म्हणून 2014 मध्ये कानपूरहून गाजावाजा करत आलेले 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर. तेव्हा त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या घरात, वजन अर्धा किलो.

हे वजन मानवते का, याची चाचणी फुकट आहे. वाण्याकडून अर्धा किलो साखर आणा, पुडी पट्ट्यात खोचा आणि भर दुपारी लक्ष्मी रोडने चालत जा. अलका टॉकीजपर्यंत पँट किती वेळा वर ओढावी लागली, ते मोजा. उत्तर मिळेल.

काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे दिसली तर छाती फुगवायला हरकत नाही. ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. कारखाना 1869 चा, म्हणजे तिथेही पुणेकर जुनाच.

पायरी दुसरी: शत्रू शोधा

परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. वय किमान 21, अर्ज पोलीस आयुक्तालयात, चौकशी तुमच्या हद्दीतल्या ठाण्याकडून. जिवाला धोका कोणापासून, हे सांगावे लागते. 'पार्किंगवरून समोरचे काका डोळे वटारतात' हे कारण चालत नाही. उलट काकांनीही तोच अर्ज केलेला असू शकतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळता येते, याचे प्रशिक्षण प्रमाणपत्रही जोडायचे असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. पुण्यात निवडणुका कमी नसतात.

पायरी तिसरी: मिरवू नका

इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले असावे लागते. सव्वा लाख खर्चायचे आणि कोणाला दाखवायचे नाही! वरातीत हवेत बार काढून ही कसर भरून काढावी म्हणाल, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रील काढायचा मोह झालाच, तर पहिला प्रेक्षक सायबर शाखेचा असेल, हे धरून चाला.

पायरी चौथी: नेम शिका

हौस तरीही उरली असेल, तर बालेवाडी गाठा. तिथल्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. नेमबाज गगन नारंगची अकादमीही 2011 मध्ये तिथूनच सुरू झाली. .177 चे, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीचे एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येते.

आता उभे राहा. हात एकच, दुसरा खिशात. समोर 10 मीटरवर लक्ष्य. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. नळीच्या टोकावरची माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि लक्ष्य धूसर. नवशिक्या नेमके उलटे करतो. चाप खेचायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा, इतका की बार सुटल्यावर तुम्हीच दचकाल. दहा गोळ्यांत खांदा भरून येतो. स्पर्धेत अशा 60 झाडायच्या असतात, सव्वा तासात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, ते याच कंटाळवाण्या सरावातून.

आणि हे सगळे शांत, वातानुकूलित खोलीत, न हलणाऱ्या कागदावर. अंधारात, धावत्या माणसावर, छाती धडधडत असताना कमरेचे पिस्तूल काढून नेम धरू, हा आत्मविश्वास रेंजवर पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा फायदा तोच.

पायरी शेवटची: हिशेब

पुण्याच्या रस्त्यावर तुमच्या जिवाला रोज जो धोका आहे तो मागून, उलट्या दिशेने आणि सिग्नल तोडून येतो. त्याच्यावर .32 चालत नाही. स्वसंरक्षणाचे जे साधन त्याच्यावर चालते ते बिनपरवाना मिळते, उघडपणे मिरवता येते आणि आचारसंहितेत जमाही करावे लागत नाही. पुणेकरांनी त्याच्या सक्तीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आहे. तेव्हा निकाल असा: नेमबाजी जरूर शिका, पिस्तूल रेंजवरच ठेवा आणि घरी जाताना हेल्मेट घाला.