आडवारी जाणारे नाना

गणपती पाण्यात गेले, पावसाने जरा उसंत घेतली आणि सकाळच्या उन्हाला पिवळसर झाक आली की आमच्या सोसायटीतल्या नानांचा हंगाम सुरू होतो. हा हंगाम गर्दी चुकवण्याचा. भाद्रपद संपता संपता पुणेकर जे घराबाहेर पडतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत घरात म्हणून टिकत नाहीत. कधी फुलं बघायला, कधी देवीला, कधी चांदण्यात, कधी खरेदीला. नानांनाही हे सगळं बघायचं असतं. फक्त बाकीच्यांनी ते त्या वेळी बघू नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

"लोक रविवारी का जातात?" हा प्रश्न नाना दर सोमवारी विचारतात. लोकांना रविवारी सुट्टी असते, हे उत्तर त्यांना पटत नाही. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले आहेत. पण नोकरीत असतानाही त्यांनी रविवारी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. रविवार घरात झोपून काढायचा आणि बुधवारी रजा टाकून सिंहगडावर पिठलं-भाकरी खायची, असा बाणा. घाटात अडकलेल्या गाड्यांचे फोटो सोमवारच्या पेपरात आले की ते कात्रीने कापून ठेवत. अजूनही ठेवतात.

पितृपंधरवडा ही नानांची खरी पर्वणी. बाकीचं शहर या दिवसांत शुभकार्य आणि मोठी खरेदी टाळतं, त्यामुळे लक्ष्मी रोडवर चक्क चालता येतं. नाना याच पंधरवड्यात दिवाळीची खरेदी उरकतात. काकूंना ते मुळीच मान्य नसतं. पितरांच्या दिवसांत कोण साड्या घेतं? पण नानांपुढे काही चालत नाही. एका वर्षी ते बोहरी आळीत आकाशकंदील मागायला गेले. दुकानदाराने आधी कॅलेंडरकडे आणि मग नानांकडे बघितलं, आणि माळ्यावरून मागच्या वर्षीचा, एक करंजी चेपलेला कंदील काढून दिला. "बघ, दुकानात मी एकटा!" नाना मला सांगत होते. कंदिलाचा रंग कोणता, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं.

कास पठाराबद्दल नानांचा एक राग आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही गेलं. तेव्हापासून सप्टेंबर उजाडला की निम्मं पुणं साताऱ्याच्या रस्त्याला लागतं. आता तिथे आगाऊ नोंदणी आहे, शुल्क आहे, गाडी कुठे लावायची याचे नियम आहेत. नाना सगळे नियम पाळतात, पण बुधवारी आणि रात्री तीनला निघून. मागच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. झुंजूमुंजू होताना पोचलो, तर फाटक उघडायचं होतं आणि बाहेर पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली होती. प्रत्येक गाडीत एक नाना, थर्मास आणि पेंगणारं कुटुंब. पुढच्या गाडीतले कोथरूडचे गृहस्थ खाली उतरले आणि नानांना म्हणाले, "म्हटलं, बुधवारी पहाटे कोण येणार!" "तेच तर!" नाना म्हणाले. दोघांनी मग बराच वेळ रविवारी येणाऱ्यांना नावं ठेवली.

उजाडल्यावर फुलं अफाट होती. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, ओलसर खडकाळ जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी बारीक फुलं. मी परत आल्यावर हेच सगळ्यांना सांगत सुटलो. सोसायटीच्या बाकावर कुणीतरी नानांना विचारलं, कशी होती फुलं? नाना म्हणाले, "आत शिरलो तेव्हा पार्किंगमध्ये फक्त अकरा गाड्या. आणि परत निघालो तेव्हा? घाटापर्यंत रांग!" एवढं बोलताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की कासला जायची गरज नव्हती.

नवरात्रात त्यांचं गणित जास्त अवघड होतं. चतुःशृंगीला पहिल्या माळेला जायचं नाही, कारण घटस्थापना. मंगळवार-शुक्रवार नाही, कारण देवीचे वार. शनिवार-रविवार तर विचारूच नका. ललिता पंचमी नाही, अष्टमी नाही, नवमीला तर मुळीच नाही. देवी नऊ दिवस बसते, पण नानांच्या हिशेबाने तिच्या वाट्याला जेमतेम दीड रात्र उरते. त्या दीड रात्रीत मध्यरात्रीनंतर ते सेनापती बापट रोडने देवीला निघतात. तिथे रांग असतेच. शिफ्ट संपवून आलेली आयटीतली पोरं, गरब्याहून घाघऱ्यातच आलेल्या मुली, आणि गर्दी टाळायला आलेली बरीचशी गर्दी. त्यातच कोथरूडचे गृहस्थ. "अरे, तुम्ही!" "अरे, तुम्ही!" पायऱ्या चढेपर्यंत दोघांचं बोलणं संपत नाही. काकू मागे ओटीचं ताट सांभाळत उभ्या. इतक्या वर्षांच्या संसारात नानांना काकूंशी असं सलग बोलताना मी पाहिलेलं नाही.

माझा आपला एक संशय आहे. या माणसाला गर्दीशिवाय करमत नाही. एकदा ऑक्टोबरच्या रणरणत्या दुपारी आम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून गेलो. वर चिटपाखरू नव्हतं. खाली सगळं शहर उन्हात पसरलेलं, वारा छान होता. मला वाटलं, नाना खूश होतील. पण त्यांची चुळबुळ सुरू झाली. "आज बंद असतं का रे?" दार उघडं होतं. "काही झालंय का गावात?" त्यांनी काकूंना फोन करून टीव्ही लावायला सांगितला. अर्ध्या तासाने कॉलेजातली चार मुलं धापा टाकत वर आली, तेव्हा कुठे नानांचा जीव भांड्यात पडला. "झाली बघ सुरू गर्दी. चल, उतरू."

कोजागिरी ते दुसऱ्या दिवशी करतात. चंद्राला एका रात्रीत काय धाड भरते, हा त्यांचा सवाल. शिवाय कोजागिरीला गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर दुधाचे भाव चढलेले असतात, दुसऱ्या दिवशी ते उतरतात, हा जास्तीचा फायदा. सगळी सोसायटी आदल्या रात्री गच्चीवर नाचगाणी करून, मसाला दूध पिऊन दमून झोपलेली असते, तेव्हा नाना पातेलं घेऊन गच्चीवर एकटे. एका वर्षी नेमका त्या दुसऱ्या रात्री परतीचा पाऊस कोसळला. नानांनी जिन्यात बसून दूध प्यायलं, आणि वर आणखी: "गच्चीवर कोणी नव्हतं."

नानांना खरा मार बसतो तो दिवाळीत. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रो मंडईपर्यंत आली, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण जमिनीखालून गुपचूप जाऊ आणि रस्त्यावरचे लोक बघत राहतील. प्रत्यक्षात सगळा लक्ष्मी रोड सरकत्या जिन्याने वर येत होता आणि नाना एकटेच खाली जायला बघत होते. त्याहून वाईट दिवाळी पहाट. लवकर उठणं हे नानांचं एकमेव अस्त्र. आणि या दिवसांत गाण्यांना आणि सारसबागेला जायला अख्खं पुणं चारला उठून, उटणं लावून, नवे कपडे घालून तयार. यांच्याआधी उठायचं म्हणजे झोपायचंच नाही. म्हणून नाना नरकचतुर्दशीला सरळ आठपर्यंत झोपतात. सूर्योदयानंतर आंघोळ करणारा नरकात जातो, अशी आठवण काकू दरवर्षी करून देतात. यंदा नाना पांघरुणातूनच म्हणाले, "सगळे पहाटे उठतात ना? मग तिकडे गर्दी नसणार."

दिवाळी अंकही ते मागच्या वर्षीचे वाचतात. लायब्ररीत यंदाच्या अंकांवर झुंबड असते, मागच्या वर्षीचे कपाटात पडून असतात. राशिभविष्यसुद्धा तेच वाचतात आणि ते बरंचसं बरोबर निघाल्याचं सांगतात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, तशी नानांनी भिगवणची टूम काढली. सोलापूर रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास, उजनीच्या फुगवट्यावर. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो येतात. जानेवारी-फेब्रुवारीत तर कॅमेऱ्यांच्या नळकांड्यांमुळे पाणी दिसत नाही. आम्ही मंगळवारी अंधारात निघालो. काठावर नावा नुसत्या बांधून ठेवलेल्या. चहाची टपरी उघडलेली नव्हती. नाना धास्तावून इकडेतिकडे बघायला लागले, तेवढ्यात बाभळीखालून कोथरूडचे गृहस्थ हात हलवत पुढे आले. नानांनी सुटकेचा श्वास टाकला. एकच नाव ठरली, भाडं निम्मं निम्मं. नावाड्याने पाण्यात बरंच आत नेलं. पाणी निळंशार, काठोकाठ. एक खंड्या दिसला, थोडे बगळे दिसले.

"फ्लेमिंगो कुठे?" काकूंनी विचारलं.

नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "आत्ता कुठले मावशी! धरण भरलंय. पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला की मग येत्यात. त्यांना उथळ लागतं."

नावेत कोणी काही बोललं नाही. कोथरूडचे गृहस्थ नानांकडे बघत राहिले. नानांनी एकदा त्या मोकळ्या पाण्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"अहो, ते आले की गर्दी होते," ते म्हणाले. "म्हणून तर आपण आत्ता आलो."