समोरचा वारा

"पुण्याहून विजापूर म्हणजे सगळा उतारच आहे," असं आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले, तेव्हाच मला पाण्याची टाकी आठवायला हवी होती. तीही त्यांनी अशीच कागदावर समजावून सांगितली होती आणि चौथ्या मजल्यावर आजही पाणी चढत नाही.

या वेळचा कागद असा होता : पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, सोलापूर साधारण ४६०. म्हणजे १०० मीटरचा उतार. "पॅडल मारायचंच नाही, नुसतं बसायचं." १०० मीटरचा उतार २५० किलोमीटरवर पसरला की एका किलोमीटरच्या वाट्याला ४० सेंटिमीटर येतात, म्हणजे हातभरही नाही, हे गणित मी यवतच्या पुढे, तोंडाला फेस आल्यावर केलं. आणि सोलापूरहून पुढे विजापूरपर्यंत रस्ता परत ६०० मीटरच्या आसपास चढतो, ही गोष्ट तर त्या कागदावर नव्हतीच. कागद सोलापूरला संपत होता.

आम्ही चौघे. चेअरमन. डॉक्टर, जे दातांचे आहेत, त्यामुळे प्रवासभर ज्या अवयवाला वैद्यकीय मदतीची गरज होती तो त्यांच्या हद्दीच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता. माझा मेहुणा, वय तीस. आणि मी, वय बावन्न. मेहुणा हौसेनं आलेला नव्हता, त्याला बहिणीनं पाठवलं होतं. "दाजींवर लक्ष ठेव," असं तिनं बजावलं होतं. त्यानं ते इमानानं ठेवलं, याचा पुरावा पुढे येईलच.

निघायच्या आदल्या रात्री चेअरमननी पार्किंगमध्ये सायकलींची तपासणी केली. "सगळा उतार आहे, ब्रेक घट्ट हवेत," म्हणून पाना हातात घेतला, माझ्या सायकलपासून सुरुवात केली आणि माझ्यावरच संपवली, कारण तेवढ्यात पाना कुणाच्या तरी स्कूटरखाली गेला. मला तेव्हा आपल्याला मान मिळाल्यासारखं वाटलं होतं.

डिसेंबरातल्या पहाटे पाच वाजता हडपसर सोडलं. थंडी, अंधार, चार तांबडे दिवे आणि उत्साह. लोणी काळभोरपर्यंत मी सर्वांच्या बरोबर होतो. उरुळी कांचनला शंभर पावलं मागे. चौफुल्याला ते तिघं चहाचा दुसरा कप संपवत असताना मी पोचलो. चौफुला तमाशाच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि पुण्यातली बरीच मंडळी तिथवर थकवा न जाणवता जातात, असं ऐकून होतो. माझे मात्र तिथंच पाय थरथरत होते. टपरीवाल्यानं ज्या समजूतदार नजरेनं माझ्याकडे पाहिलं, त्यावरून त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

"वारा आहे समोरून," मी म्हणालो.

"असणारच," डॉक्टर म्हणाले. "डिसेंबरात वारा ईशान्येकडून येतो. आपण पूर्वेला चाललोय."

दातांच्या डॉक्टरला वाऱ्यातलं एवढं कळतं याचं मला कौतुक वाटलं. तिथून पुढे माझ्या प्रत्येक मागे पडण्याला शास्त्रीय आधार मिळाला. त्या तिघांनाही तोच वारा लागत होता, हे मात्र त्या वेळी ध्यानात आलं नाही.

लांबचा सायकलप्रवास करणाऱ्यांना लोक सृष्टिसौंदर्याबद्दल विचारतात. खरं सांगायचं तर पहिले ८० किलोमीटर मी फक्त रस्त्याची डावीकडची पांढरी पट्टी पाहिली. तिच्यापलीकडे ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधून निघालेल्या बारीक तारा असतात. त्या केसाएवढ्या असतात आणि पंक्चर दाराएवढं करतात. तिच्या अलीकडे ट्रक स्वतः असतो. मधल्या वीतभर रुंदीत सायकलवाल्याचा संसार. त्यात भर म्हणून हे दिवस गाळपाचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दणदणीत गाणी लावून जात होते. एकदा मेहुणा अशाच एका ट्रॉलीच्या मागे गेला, एक कांडं ओढलं आणि चालत्या सायकलवर सोलून खाल्लं. मी तेच करायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वेगात होता.

भिगवणला पोचलो आणि शंभरेक किलोमीटरचा हिशेब चिलापीच्या थाळीनं चुकता केला. उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि लोक दुर्बिणी घेऊन ते बघायला येतात. आम्हीही थोडा वेळ बघितले. एका पायावर तासन् तास उभं राहणाऱ्या प्राण्याबद्दल त्या दिवशी मला जो हेवा वाटला, तो पक्षिमित्रांना कळणार नाही. मला दोन पायांवर उभं राहायचीही पंचाईत होती आणि बसायची तर सोयच नव्हती.

मुक्काम इंदापूरला. लॉजच्या खोलीत मी पालथा झोपलो. मेहुण्यानं तसाच फोटो काढून बहिणीला पाठवला, खाली लिहिलं : "लक्ष आहे."

दुसऱ्या दिवशी इंदापूर सोडल्यावर भीमा ओलांडली. भीमाशंकरला उगम पावलेली ही बाई सोलापूर जिल्ह्यात बागडत असते, पंढरपूरला चंद्रभागा होते आणि कर्नाटकात शिरायच्या आधी आम्हाला पुन्हा एकदा आडवी येणार होती. तिलाही पूर्वेलाच जायचं होतं. तिनं वाऱ्याची तक्रार केलेली मी ऐकली नाही.

मोहोळजवळ माझं मागचं चाक बसलं. मेहुण्यानं ते काढलं, ट्यूब बदलली, चाक परत बसवलं, उचलून गरकन फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आभाळाकडे.

"काय झालं?"

"काही नाही दाजी. चला. वारा वाढायच्या आत पोचू."

सोलापुरात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी अशी खाल्ली की शेजारच्या टेबलावरच्यांनी चौकशी केली. कडक भाकरी ही लांबच्या वाटेची वस्तू आहे : आठवडाभर टिकते, पिशवीत मोडली तरी चव मोडत नाही. माझ्याबद्दल दोन्ही विधानं खोटी होती.

तिसरा दिवस निर्णायक. सोलापूरहून रस्ता दक्षिणेला वळतो. चेअरमननी सकाळीच घोषणा केली, "आता ईशान्येचा वारा पाठीशी. उडत जाऊ." आणि तिघं खरोखरच उडत गेले. मी मात्र जागच्या जागी उडत होतो. मंद्रुपच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावरचे झेंडे पाहिले. सगळे पुढच्या दिशेला, विजापूरकडे फडफडत होते. वारा माझ्या पाठीत होता आणि तरी तो मला समोरून लागत होता. मी ठरवलं की झेंडे चुकीचे लावलेत.

तेरामैलला चहाला थांबलो. धोतर नेसलेले एक आजोबा बराच वेळ आमची वेशभूषा न्याहाळत होते.

"कुठनं आला?"

"पुण्याहून."

"सायकलवर?" त्यांनी मान हलवली. "एष्टीचा संप हाय का?"

टाकळीच्या पुढे भीमा दुसऱ्यांदा आली. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे धुळखेड, कर्नाटक. शाळेत आम्ही इतिहासाच्या पुस्तकात विजापूर इतक्या वेळा शत्रूच्या बाजूला वाचलं होतं, की ते कुठंतरी सात समुद्रांपलीकडे असावं अशी मनात समजूत होती. प्रत्यक्षात मध्ये एक नदी, तीही आमचीच. पूल ओलांडला, पाट्यांवरची अक्षरं गोल झाली, आणि बदल तिथंच थांबला. जमीन तीच काळी, पिकं तीच ज्वारी-तूर. झळकीला जेवायला शिरलो तिथल्या पाटीवर काय लिहिलंय ते मालकानंच वाचून दाखवलं : "खानावळी." ताटात आली ती जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी. एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं. वर शेंगाची चटणी. मी सोलापूर सोडलंय यावर माझ्या जिभेचा विश्वास बसेना. माझ्या पायांचा बसला.

संध्याकाळी लांबून तो दिसला. गोल घुमट आधी दिसतो आणि मग बराच वेळ जवळ येत नाही. शेवटचे काही किलोमीटर मी त्याच्याकडे बघत पॅडल मारलं आणि तो आहे तेवढाच राहिला. एवढं मोठं बांधणाऱ्या माणसानं वाटसरूंचा विचार करायला हवा होता.

चौथा दिवस स्थलदर्शनाचा. सायकलीवर बसायचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून टांगा ठरवला. टांग्याची बैठक सायकलच्या सीटपेक्षा रुंद असते, एवढाच तिचा गुण.

पहाटेच गोल घुमटाला गेलो, कारण डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना आणि दहा वाजल्यानंतर तिथं चारशे पोरं एकाच वेळी स्वतःच्या आवाजाची परीक्षा घेतात. मुहम्मद आदिलशाहाचा हा मकबरा. त्यानं १६२७ ते १६५६ अशी जवळपास तीस वर्षं राज्य केलं आणि स्वतःच्या थडग्याचं काम स्वतः बघितलं. आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो अवाढव्य घुमट तोलून धरलाय, आणि खाली १७०० चौरस मीटरची मोकळी जमीन. चेअरमन वर बघत हळूच म्हणाले, "गळती नाही."

वर सज्ज्यात जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून जिने आहेत. ३५० किलोमीटर सायकल चालवलेल्या गुडघ्यांना सातवा मजला दाखवणं ही क्रूरता आहे. मी काही पायऱ्या पायांनी, काही हातांनी चढलो. सज्ज्यात पोचलो तेव्हा मेहुणा आणि डॉक्टर गोलाला वळसा घालून पार समोरच्या बाजूला पोचले होते. मध्ये ३८ मीटरांची पोकळी. मी दम घेत भिंतीला कान टेकला.

हा सज्जा प्रसिद्ध आहे तो एवढ्याचसाठी : या टोकाला भिंतीशी केलेली कुजबुज घुमटाच्या कडेनं फिरून त्या टोकाला स्पष्ट पोचते. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचं ते कसब त्या सकाळी माझ्या कामी आलं.

"दाजींना सांगायचं का?" भिंत म्हणाली. आवाज मेहुण्याचा होता.

"काय?" भिंत डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली.

"मागचा ब्रेक घासतोय ते. पुण्यापासून."

"मोहोळलाच सांगायचं होतं."

"सांगून काय, चेअरमनशी भांडले असते. आणि वाऱ्याशी झुंजतोय असं वाटून खूश होते हो ते. ताईला पण तेच सांगितलंय. राहू दे."

राहू दे, राहू दे, राहू दे, असं घुमट बराच वेळ म्हणत राहिला. तेवढ्यात खालच्या दारातून सहल शिरली आणि इतिहासाचा आवाज बंद झाला.

त्यानंतरचं विजापूर मी गप्प राहून पाहिलं. इब्राहिम रोझा बघितला. दुसरा इब्राहिम आदिलशाह गाण्यातला दर्दी. सुलतान असून त्यानं आपल्या 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वतीचं स्तवन केलं. त्याच्या मकबऱ्याचं नक्षीकाम पाहताना राग जरा निवला. बारा कमान पाहिली. दुसऱ्या अली आदिलशाहाला बापापेक्षा भव्य मकबरा हवा होता. नुसत्या कमानी उभ्या राहिल्या, छत आलंच नाही. चेअरमन त्या काळ्या कमानींकडे फार आपुलकीनं बघत होते. "निधी कमी पडला असणार," ते म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. उपली बुरुजाच्या पायऱ्या बाहेरून वर जातात. मी खालूनच त्यांना नमस्कार केला.

शेवटी शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांची, सिंहाच्या जबड्याच्या तोंडाची. १६३२ साली ती परांड्याहून विजापूरला आणली. ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती जुंपले होते असं सांगतात. मी तिच्या गार अंगावर हात ठेवून उभा राहिलो. परांडा म्हणजे आम्ही आलो त्या रस्त्याच्या डाव्या हाताला. त्या बैलांच्या कष्टांची मला जेवढी कल्पना आली, तेवढी दुसऱ्या कुठल्या पर्यटकाला आली नसेल. गाइडनं पुढची गोष्ट सांगितली : १८५४ साली इंग्रज सरकारनं भंगार म्हणून ही तोफ लिलावात काढली. सगळ्यात मोठी बोली आली १५० रुपयांची. ती इतकी अपमानास्पद वाटली की एका अधिकाऱ्यानं लिलावच रद्द केला.

परतीला इंडीची लिंबं घेऊन मार्केट यार्डात निघालेल्या एका टेम्पोत सायकली टाकल्या आणि आम्ही बसनं आलो. बसचा वारा खिडकीतून, बाजूनं येत होता.

घरी आल्यावर मी सायकल विकायला काढली. वॉचमननं एक गिऱ्हाईक आणलं. त्यानं सायकलभोवती एक फेरी मारली आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी लिलाव रद्द केला. मग ती ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं, एका हातानं स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि पुन्हा फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"किती झाले?" मी विचारलं.

"याचे काय पैसे घ्यायचे, काका," तो म्हणाला.