साम्य टाळण्याची खात्रीशीर रीत

ऑइल पेस्टलने माणसाचा चेहरा काढण्यात खरा धोका एकच आहे. तो चेहरा त्या माणसासारखा दिसू लागू शकतो. एकदा हे घडले, की चित्रकाराच्या सुखाच्या आयुष्याला उतरती कळा लागते. आत्याला स्वतःचे चित्र हवे असते. आत्याच्या यजमानांना दिवंगत वडिलांचे हवे असते आणि त्यासाठी ते रबरी शिक्का उमटलेला पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन येतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना कुणाच्या तरी निरोप समारंभासाठी परवापर्यंत हवे असते. हे सगळे फुकटात, कारण ‘तुझा तर हातखंडा आहे, दहा मिनिटांचं काम.’ हा प्रसंग ओढवू नये म्हणून इच्छुकांसाठी पुढील मार्गदर्शन. ते निष्ठेने पाळणाऱ्याच्या हातून कोणाचेही साम्य उतरल्याची तक्रार सहसा येत नाही.

माध्यम मुळातच अनुकूल आहे, ही आनंदाची गोष्ट. खडूचे टोक साधारण एक सेंटिमीटर जाड. ए-फोर कागदावर १२ सेंटिमीटर उंचीचे डोके काढले, तर त्याची रुंदी भरते ८ सेंटिमीटरच्या आसपास. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात हा चित्रकलेतला जुना हिशेब, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला आले जेमतेम दीड सेंटिमीटर. दोन पापण्या, बुबुळ, बाहुली आणि बाहुलीतला तो पांढरा ठिपका, एवढा संसार दीड सेंटिमीटरात, आणि मांडायचा एक सेंटिमीटरच्या खडूने! जाणकार यावरून ओळखतो की इथे डोळा काढायचा नसतोच. भुवईखालच्या खळग्याची सावली लावायची, वरच्या पापणीची एक गडद पट्टी ओढायची आणि थांबायचे. बाकीचा डोळा पाहणारा आपल्या मनाने पुरा करतो.

इच्छुकाने हे ओळखू नये. त्याने खडूला शार्पनर लावून टोक काढावे आणि पापणीचा एकेक केस मोजून काढायला बसावे. टोक दुसऱ्या केसाला बसते. तेव्हा पुन्हा शार्पनर. पेटीतला काळा खडू सगळ्यात आधी का संपतो, याचे उत्तर इथे आहे.

या खडूचा इतिहासही थोडा सांगितला पाहिजे, कारण त्यात एक गंमत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी शाळांत मुले छापील नमुने समोर ठेवून चित्रे गिरवत. कानाए यामामोतो या चित्रकाराने १९१९ मध्ये याविरुद्ध चळवळ सुरू केली. नमुना बाजूला ठेवा, डोळ्यांना दिसते ते काढा, असे त्याचे म्हणणे. त्याच वाऱ्यात जपानमध्येच १९२५ साली साकुरा कंपनीने ‘क्रे-पास’ हा तेलकट खडू बाजारात आणला. रंगद्रव्य, मेण आणि कधीही न वाळणारे तेल यांचे ते मिश्रण. साध्या पेस्टलसारखी त्याची भुकटी उडत नसे आणि क्रेयॉनपेक्षा रंग दाट बसे. हवामानाप्रमाणे तो मऊ-कडक होई, म्हणून आरंभी उन्हाळ्याचे खडू वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे निघत. मे महिन्यात नागपुरात ज्याने पेटी उघडली आहे, त्याला ही सोय बंद का केली असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही.

महाराष्ट्रात असले खडू घरोघरी पोचवण्यात कॅमलिनच्या उंटाचा वाटा मोठा. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केलेली ही कंपनी. मात्र इथे आल्यावर खडूवर यामामोतोच्या नेमके उलट संस्कार झाले. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो आणि त्यात माणसे काढणे भाग असते. म्हणून हुशार परीक्षार्थी तीन माणसे पाठ करून जातो : एक भाजीवाली, एक पिशवीवाला आणि एक हात वर केलेला मुलगा. विषय ‘बाजार’ आला तर तिघे बाजारात उभे राहतात, ‘बसस्टॉप’ आला तर रांगेत, आणि ‘पूर’ आला तर त्याच पिशवीसह गुडघाभर पाण्यात. पाण्याचा फायदा असा की पावले काढावी लागत नाहीत. हातांसाठी खिसे आहेत. चेहऱ्यांचे काय, तर बहुतेक मंडळी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असतात. महाराष्ट्रातल्या स्मरणचित्रांत एवढी माणसे नेमकी कोणाकडे बघत असतात, हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

तरीही एखाद्याला समोरून चेहरा काढण्याची हौस असेल, तर त्याने आधी कवटी कापावी. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. हे कोणालाही पट्टी लावून तपासता येते आणि तपासल्यावरही पटत नाही. कपाळ आणि केस यांत बघण्यासारखे काही नसते, त्यामुळे मन तो भाग आखडून घेते आणि डोळे वर, पाऊण उंचीवर जाऊन बसतात. इच्छुकाने मनाचे ऐकावे. कान मात्र भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत असतात, ते त्याने विसरावेत. शेवटी आठवण होईल, तेव्हा जिथे जागा उरली असेल तिथे चिकटवता येतात.

आता रंग. पेटीत एक फिकट गुलाबीसर नारिंगी खडू असतो. मुले त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. ‘ए, स्किन दे ना जरा’ असा तो बाकाबाकांवरून फिरतो, आणि ज्या बाकांवरून फिरतो त्यांवरच्या एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नसते. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या असल्याच खडूवरचे कातडीचे नाव १९६२ मध्ये काढून त्याला पीच फळाचे नाव दिले आणि २०२० मध्ये माणसांच्या वर्णाच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. इच्छुकाने असल्या भानगडीत पडू नये. एक खडू घ्यावा, चेहरा कानापासून कानापर्यंत सारखा भरून काढावा. आजोबा, नात, कोळीणबाई आणि बँकेतले साहेब सगळे एका वर्णाचे होतात. साम्याचा निम्मा धोका इथेच टळतो.

उरलेला धोका कुठे असतो, ते समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हिरवे लुगडे नेसलेली आजी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी बसली आहे. तिचा वर्ण सावळा. नीट पाहिले तर तिच्या चेहऱ्यात तपकिरी रंग मध्यम उजेडाच्या भागातच आहे. कपाळाच्या उंचवट्यावर आणि खिडकीकडच्या गालाच्या हाडावर आभाळाचा निळसर पांढरा उजेड पडला आहे. नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी जास्त तांबूस, कारण तिथली कातडी पातळ. गालाखालची सावली जांभळ्याकडे झुकलेली. आणि हनुवटीच्या खाली, जिथे काळोख असायला हवा, तिथे लुगड्याचा हिरवा उजेड उलटून पडला आहे. हे पाच ठिपके ज्याने आपापल्या जागी बसवले, त्याने सुरकुती एकही काढली नाही तरी घरातले लहान मूलसुद्धा ‘आजी!’ म्हणून ओरडते. सावळ्या चेहऱ्यासाठी तपकिरी किंवा खाकी कागद घेतला तर काम आणखी सोपे, मध्यम छटा कागदच पुरवतो. असा अनर्थ टाळायचा तर पांढराशुभ्र कागद आणि फक्त सुरकुत्या हे सूत्र ठेवावे. सुरकुत्या काळ्या खडूने काढाव्यात.

सुरकुत्या झाल्या, की बोट. ऑइल पेस्टलला बोट लावायचे असते हे प्रत्येकाला उपजतच ठाऊक असते. ते कुठे थांबवायचे हे कोणालाच ठाऊक नसते. खडबडीत कागदाच्या दाण्यांवर तीन-चार थर चढतात. मग दाणे भरतात आणि पुढचा खडू नुसता घसरतो. जाणकार या वेळी ब्लेडने थर खरवडून काढतो, जागा मोकळी करतो आणि पुन्हा रंग लावतो. शिवाय प्रत्येक रेघेनंतर खडूचे तोंड फडक्याला पुसतो, कारण खालचा रंग वरच्या खडूला चिकटून येतो. इच्छुकाने फडके जवळ ठेवूच नये. काळी सुरकुती, गुलाबी गाल आणि हिरवा पदर यांवरून एकाच बोटाने गोल गोल फिरत राहावे. दहा मिनिटांत सगळ्या चेहऱ्याला भाजलेल्या वांग्याच्या भरताचा रंग येतो. मग त्यावर उजेड दाखवण्यासाठी पांढरा खडू फिरवावा. तो पहिल्याच रेघेला करडा होतो.

करड्यावरून आठवले. पॅरिसमधल्या सेनेलिए या रंगवाल्यांनी व्यावसायिक चित्रकारांसाठी ऑइल पेस्टल तयार केले ते १९४९ मध्ये. हेन्री गोएट्झ हा चित्रकार आपला मित्र पिकासो याच्यासाठी असला खडू बनवून द्या म्हणून त्यांच्याकडे गेला होता. त्या पहिल्या ४८ रंगांत दहा करडे होते, असे कंपनी सांगते. शाळकरी पेटीत लाल-पिवळ्याची चंगळ आणि करड्याची टंचाई असते. पिकासोला दहा लागले. आपल्याकडे एकही विकत न घेता बोटाने हवा तेवढा बनतो, ही बचत दुर्लक्षून चालणार नाही.

काही चित्रांपासून इच्छुकाने मुद्दाम दूर राहावे. सावळाराम हळदणकर यांचे, हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगातले चित्र हे त्यातले सगळ्यात घातक. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे, अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजून बघून येतात. हळदणकरांनी आपल्या गीता या मुलीला समोर उभे करून ते रंगवले. ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांच्या फटींतून येणारी लाली, खालून उजळलेला चेहरा. बाकीचा बराचसा कागद काळोखात बुडालेला. एवढ्या थोड्या गोष्टी सांगून माणूस उभा करता येतो, हे एकदा डोळ्यांत भरले की पापण्यांचे केस मोजण्यावरची श्रद्धा डळमळते. तसेच, काम चालू असताना चार हात मागे जाऊन डोळे किलकिले करून चित्र बघू नये. मोठे चुकलेले डाग तेवढ्यात दिसून येतात.

हसरा चेहरा काढायचा असल्यास दात सुटे सुटे काढावेत, मध्ये काळ्या रेघा देऊन. अधिक सांगण्याची गरज नाही.

चित्र कोणाचे ते ओळखू आलेच पाहिजे अशी आयोजकांची अट असली, तर साम्याऐवजी सामान वापरावे. १ ऑगस्टच्या शालेय स्पर्धेत पगडी, भरघोस मिशा आणि उपरणे काढले की मधल्या जागेत कोणाचाही चेहरा चालतो. गोल चष्मा म्हणजे गांधीजी, निळा कोट म्हणजे बाबासाहेब. परीक्षकांनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. घरगुती कामात हीच युक्ती नथ आणि पैठणी यांवर करावी. काठाला आधी पिवळ्या खडूचा जाड थर द्यावा, त्यावर गडद जांभळा चढवावा आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने मोर खरवडावेत. खालचा पिवळा उघडा पडून जर चमकू लागते. या माध्यमाची ही सगळ्यात सुंदर करामत. पिकलेले केस आणि दाढीचे खुंट पांढऱ्यावर काळा चढवून असेच निघतात. पण इच्छुकाने ती काठापुरती ठेवावी, तीन तास मोरांना द्यावेत आणि उरला वेळ चेहऱ्याला. काकू चित्र हातात घेऊन ‘अय्या, माझीच पैठणी!’ म्हणतात आणि विषय संपतो.

पुरे झालेले चित्र वहीतच मिटून ठेवावे. यातले तेल वाळत नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी आजोबांच्या मिशा समोरच्या पानावरच्या जास्वंदीला फुटलेल्या आढळतात. फ्रेमवाला चित्र आणि काच यांच्यात माउंटची फट ठेवायला सांगेल. ती नको म्हणावे, काच थेट गालाला टेकवावी आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावावी. उन्हात मऊ झालेला थर काचेला चिकटतो आणि पुढे कधी काच बदलायची वेळ आली, तर अर्धा गाल काचेबरोबर जातो.

शेवटचे काम नावाचे. बॉलपेन या थरावर चालत नाही, रिफिलच्या तोंडाशी मेण जमते, म्हणून नाव कर्कटकानेच कोरावे. चित्रकाराचे नव्हे, समोर बसलेल्या माणसाचे, आणि नात्यासकट. घरात दोन सुरेश असतील तर ‘सुरेशकाका, धाकटे’ असे स्पष्ट लिहावे. तरीही धाकट्यांनी चित्र बघून ‘हा तर दादा’ म्हटले, तर वाद न घालता ते थोरल्यांच्या घरी पोचवावे. तिथेही घेतले नाही तर ते फ्रेमवाल्याकडे राहू द्यावे; त्याच्याकडे अशा मंडळींसाठी माळा असतो.