उतरायची सोय

रॉकेट उडवणं सोपं आहे. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्यायची, एक तृतीयांश पाणी भरायचं, बुचातून सायकलच्या पंपाने हवा कोंबायची. बूच सुटलं की बाटली बिरवाडीच्या घरांवरून वर. खरी पंचाईत पुढे असते. वर गेलेलं खाली आणायचं कसं? आठवीतल्या पुतण्याने विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रश्न घरात आणला आणि पॅराशूटच्या कापडासाठी सगळी कपाटं उघडली गेली.

तसा या विषयात आमचा महाड तालुका जगाच्या पुढे आहे. रायगडावर टकमक टोकाशी महाराजांवर छत्री धरणारा सेवक वाऱ्याच्या झोताने छत्रीसकट उडाला आणि पायथ्याच्या निजामपुरात सुखरूप उतरला, अशी आख्यायिका आहे. म्हणून ते छत्री निजामपूर. गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसवर फुग्यातून पॅराशूट घेऊन उडी टाकली ती 1797 साली. म्हणजे आमचा माणूस शंभराहून जास्त वर्षं आधी उतरून मोकळा झाला होता, तोही फुग्याचा खर्च न करता.

पुतण्याने लगेच गणित मांडलं. सेकंदाला पाच मीटर या बेताने माणूस उतरवायचा, तर छत्री सात-आठ मीटर रुंद हवी. "काका, एवढी मोठी छत्री होती?"

"अरे, महाराजांची होती!" मी विषय मिटवला.

आमच्या दीडशे ग्रॅमच्या बाटलीला चाळीस सेंटिमीटरचं वर्तुळ पुरणार होतं. आईने जुनं सुती लुगडं पुढे केलं. "याच्याइतकं मऊ काही मिळायचं नाही." पण पॅराशूटच्या कापडाची पहिली परीक्षा फुंकरीची. कापड तोंडाला लावायचं आणि फुंकायचं; फुंकर आरपार गेली की कापड नापास. लुगड्यातून फुंकर गेलीच, शिवाय सुती कापड पाणी पितं. पाण्याच्या रॉकेटात त्याचा ओला बोळाच व्हायचा.

रेशीम पास झालं असतं. एके काळी पॅराशूट रेशमाचीच असत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जपानी रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा नायलॉनने ती जागा घेतली. हा इतिहास सांगता सांगता मी शालूकडे नुसतं पाहिलं. बायकोने कपाटाला कुलूप लावलं. अमेरिकेवर काय वेळ आली असेल, ते मला तेव्हा कळलं.

मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी. हौशी मंडळींची ती लाडकी: हलकी, हवा अडवणारी, फुकट. राज्यात 2018 सालापासून तिच्यावर बंदी आहे, त्यामुळे ती मासळीबरोबरच मिळते. पण आषाढातल्या दमट हवेत तिच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि पॅराशूट उघडतच नाही. त्यावर उपाय टाल्कम पावडरीचा. आमच्या पिशवीला आतून बोंबलाचा वास आणि वरून चंदनाचा. पुतण्या म्हणाला, "परीक्षक जवळ यायचे नाहीत."

शेवटी माळ्यावरून छत्री काढली. काळ नदीच्या पुलावर वाऱ्याने उलटी केलेली, चार काड्या मोडलेल्या. फुंकर अडली. पाणी घरंगळून गेलं. आठ तुकडे एकमेकांना आधीच शिवलेले, म्हणजे आठ दोऱ्यांच्या जागाही ठरलेल्या. आणि बरोबर मध्ये, दांडीचं टोक निघतं तिथे, भोक! पॅराशूटला ते लागतंच. कोंडलेली हवा तिथून निघाली की बाटली झोके खात नाही. मधोमध वर्तुळ कापलं, शिवणीशिवणीवर गोधडीचा दोरा ओवला.

"भोकच हवं होतं तर माझ्या छत्रीलाही आहे," आई म्हणाली, "पण तिला हात लावायचा नाही."

उघडीप मिळाली तेव्हा बाटली वर गेली, पॅराशूटवरचं टोपण सुटलं, काळं कापड फुललं आणि वाऱ्याने सगळा संसार शेजारच्या भातात नेला. पॅराशूट जितकं चांगलं, तितकं शोधायला लांब जावं लागतं.

तेव्हा मोडकी छत्री भंगारात देऊ नका. पॅराशूटचं अर्धं काम कारखान्यातच झालेलं असतं. फक्त कात्री लावण्याआधी ती घरात नेमकी कोणाची आहे, एवढं विचारून घ्या.